एकवीस गुलाबी मेणबत्त्या

“भाऊजी! अहो, हे काय करून बसलात?”

मेहुणी दारातच थबकली. आत बॉयलरमामा टेबलाशी ताठ बसले होते आणि त्यांच्या पुढ्यातल्या हिरव्या पानांच्या चक्रावर चार मेणबत्त्या ढणाढणा जळत होत्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी.

“काय केलं म्हणजे? लावल्या,” मामा म्हणाले. “सकाळी तूच सांगून गेलीस ना, आगमनकाळ सुरू झालाय, संध्याकाळी मेणबत्ती लावा म्हणून?”

“एक लावा म्हटलं होतं, एक! पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन. नाताळापर्यंत चार रविवार असतात म्हणून चार मेणबत्त्या. वाट बघायची असते हो त्यात.”

“चार ठेवल्यात म्हटल्यावर चारही लावल्या. काम अर्धवट कशाला ठेवायचं?”

मेहुणीने कपाळाला हात लावला. मामांचेही चुकले नव्हते. इस्पितळाचा बॉयलर पेटवण्यात तेहेतीस वर्षे गेलेला माणूस, त्यातली शेवटची एकवीस तर मुख्य म्हणून. ऑपरेशनची अवजारे निर्जंतुक करायची वाफ, चादरी धुवायची वाफ, सगळी त्यांच्या हातून जायची. बॉयलर पेटवायचा म्हणजे पेटवायचा. या आठवड्यात थोडा, पुढच्या आठवड्यात थोडा, असा बॉयलर कोणी पेटवल्याचे त्यांच्या ऐकिवात नव्हते.

मेहुणीने फुंकर मारून तीन मेणबत्त्या विझवल्या. शेवटी गुलाबी विझवताना जरा जपूनच विझवली.

“आणि ही तर तिसऱ्या रविवारची,” ती म्हणाली. “आनंदाची. जांभळ्या आहेत त्या पश्चात्तापाच्या, तयारीच्या. मध्येच एक रविवार असा, की थकल्याभागल्याने जरा टेकावं, हसावं आणि मग पुढे निघावं.”

मामांनी विचार केला. “म्हणजे शिफ्टमधली चहाची सुट्टी.”

“तसंच समजा,” मेहुणी म्हणाली आणि तिला हसू आले. मग तिची नजर भिंतीवरच्या बहिणीच्या फोटोकडे गेली आणि हसू तिथेच राहिले. मामांची बायको मार्चमध्ये गेली होती. हे चक्र, पाने, मेणबत्त्या, सगळा तिचा कारभार. मामांना त्यातले एवढेच ठाऊक होते की डिसेंबरात टेबलावर हिरवे काहीतरी असते आणि आपले ताट जरा अलीकडे ओढून घ्यावे लागते.

यंदा मामा घरी होते. निवृत्तीला महिना उरला तेव्हा कचेरीतल्या बाईंनी त्यांना बोलावून सांगितले, “मामा, तुमची चार आठवड्यांची रजा साठलीये. आता घेतली नाहीत तर बुडाली.” मामांनी विचारले, “बुडाली तर काय होतं?” बाईंनी स्वतःच अर्ज भरला आणि मामांपुढे सहीला ठेवला. “आराम करा,” त्या म्हणाल्या.

आराम करा म्हणजे नेमके काय करा, हे मात्र कोणी सांगितले नाही.

पहाटे पाचला डोळे टक्क उघडत. मामा उठून किटली ठेवत आणि तिच्यापुढे खुर्ची ओढून बसत. पाणी उकळेपर्यंत नजर हलत नसे. चहा झाला की साडेपाच. मग दिवस समोर उभा राही, रिकाम्या गोदामासारखा. पहिल्या तीन दिवसांत त्यांनी घरातले सगळे नळ खोलून वॉशर बदलले. चौथ्या दिवशी चांगले चालणारे नळ पुन्हा खोलून पाहिले, तेव्हा एक गळायला लागला. पाचव्या दिवशी पाय आपोआप इस्पितळाकडे वळले.

“मामा, तुम्ही रजेवर ना?” फाटकावरचा रखवालदार म्हणाला.

“हो. असंच. इकडून चाललो होतो.”

“इकडून कुठे जाता येतं? रस्ता इथेच संपतो.”

रखवालदाराने आत सोडले, पण आत जाऊन उलट वाईटच वाटले. मामांच्या जागी दुसऱ्या इस्पितळातून एक चाळिशीचा गृहस्थ बदलीवर आला होता. त्याचे नाव कोणी लक्षात ठेवायच्या आतच तो ‘बदलीवाला’ झाला होता. त्याने मामांचे स्टूल खिडकीखाली सरकवले होते. तेहेतीस वर्षे ते पंपाजवळ असायचे.

“तिथे ऊन येतं,” बदलीवाला जरा ओशाळून म्हणाला. “मामा, तुम्ही लिहून दिलेला कागद पाठ झालाय. सतरा मुद्दे. काही राहिलं नाही ना?”

“काही नाही राहिलं,” मामा म्हणाले. स्टुलावर न बसताच ते निघाले.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मामा काडेपेटी शोधत होते. सांगितल्याप्रमाणे दोनच मेणबत्त्या लावायच्या होत्या. काडेपेटी नेहमीच्या जागी सापडेना, म्हणून त्यांनी बायकोच्या कपाटातला खालचा खण ओढला. आत पत्र्याचा डबा होता. डब्यात जांभळ्या मेणबत्त्यांचे तुकडे, बोटाच्या पेराएवढे, अगदी बुडापर्यंत जळलेले. आणि त्यांच्याखाली कापडात बांधलेली एक मोळी.

कापड त्यांनी लगेच ओळखले. त्यांच्याच कामाच्या जुन्या निळ्या शर्टाची पाठ होती ती. गाठ सोडली तर आत गुलाबी मेणबत्त्या. मामांनी टेबलावर ओळीने मांडल्या. एकवीस भरल्या. एकीलाही काडी लागलेली नव्हती, वाती पांढऱ्याशुभ्र. वरच्या गुलाबी होत्या, खालच्या फिकट होत गेलेल्या आणि सगळ्यात तळाची तर जवळजवळ पांढरी.

मामा गोंधळले. जांभळ्या सगळ्या जाळल्या आणि गुलाबी तेवढ्या ठेवल्या? रंग आवडत नव्हता म्हणावे, तर तिची लग्नानंतरची पहिली साडी गुलाबीच होती, एवढे त्यांना आठवत होते. काटकसर म्हणावी, तर उरलेली पुढच्या वर्षी वापरली असती. विसरली म्हणावी, तर एकवीस वर्षे सलग कोण विसरते? यंत्रात एकच पुर्जा असा न वापरता निघाला, तर मामांनी दहा मिनिटांत कारण शोधून काढले असते. इथे तास गेला तरी डोके चालेना.

त्यांनी मेहुणीला फोन लावला.

“भाऊजी, ते तुम्ही लेकीला विचारा,” ती म्हणाली. “मी सांगणं बरं दिसायचं नाही.”

लेक दोन तासांच्या अंतरावर एका शाळेत शिकवत होती. दर रविवारी तिचा फोन यायचा, जेवलात का, झोपलात का, एवढाच. आज मामांनी आधी फोन केला तेव्हा ती घाबरलीच.

“बाबा? बरं आहे ना?”

“बरं आहे. तुझ्या आईच्या कपाटात गुलाबी मेणबत्त्या सापडल्या. एकवीस. हा काय प्रकार आहे?”

मामांनी फोन कानावरून काढून बघितला, चालू होता.

“बाबा, तुम्हाला खरंच माहीत नाही?”

“माहीत असतं तर विचारलं असतं का?”

“तिसऱ्या रविवारी कुठे असता तुम्ही?”

“कामावर. बॉयलरची सफाई असते ना.”

बोलून झाले आणि मामांना ते वाक्य स्वतःलाच ऐकू आले. नाताळाच्या आधीचा शेवटचा रविवार सोडला, तर त्याच्या आधीचा रविवार हा वर्षभराच्या सफाईचा. शनिवारी बॉयलर थंड करायचा, रविवारी उघडून आतली काजळी खरवडायची, संध्याकाळी पुन्हा पेटवायचा. रविवारी धुलाई बंद असते आणि त्याच आठवड्यात तपासनीस येतो, म्हणून मुख्य झाल्यावर मामांनीच हा दिवस ठरवला होता. त्याच्या आधीचा रविवार चालला असता. त्याच्याही आधीचा चालला असता. त्यांनी हा निवडला आणि एकवीस वर्षे त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली.

“आई सहा वाजता तयार असायची,” लेक सांगत होती. “दोन जांभळ्या लावायची आणि गुलाबीशी थांबायची. म्हणायची, ही आनंदाची, ही घरातली सगळी माणसं असली की लावायची. बाबा येऊ देत. मग तुम्ही यायचात काळेठिक्कर होऊन, आंघोळ करायचात आणि ताटावरच पेंगायचात. दुसऱ्या दिवशी ती गुलाबी काढून ठेवायची. चौथ्या रविवारी चक्रात तीन जांभळ्याच जळायच्या.”

“मला एकदा तरी म्हणाली असती!” मामांचा आवाज चढला. “मी काय राक्षस होतो? एक शब्द बोलली असती तर सफाई पुढे-मागे केली असती!”

“मी म्हटलं होतं तिला. ती म्हणायची, सांगितलं तर ते येतील, पण अर्धे येतील. मन तिकडेच राहील. मग लावून काय उपयोग?”

मामांना राग आला होता, पण तो काढायचा कुणावर? आपण खरोखर आलो असतो का, याचे खरे उत्तर त्यांना स्वतःकडूनच मिळेना. एकदा वाटे, नक्की आलो असतो. एकदा वाटे, टेबलाशी बसून सारखे घड्याळ बघितले असते.

“तुम्ही मुख्य होण्याच्या आधी आपण लावायचो, बाबा,” लेक म्हणाली. “तुम्ही मला उचलून धरायचात आणि मी काडी लावायचे. आठवतं?”

मामांना आठवत नव्हते. “हो,” ते म्हणाले.

“बाबा, मी येते. येत्या रविवारी. सहा वाजता लावू. साडेसातच्या बसने मला परत जावं लागेल, सोमवारी परीक्षा आहे पोरांची. पण तुम्ही असाल ना घरी?”

“मी कुठे जातोय? रजेवर आहे.”

“बघा हं. यंदा मी ती कापडात बांधून ठेवणार नाही.”

तिसऱ्या रविवारी मामांनी दाढी केली. टेबल पुसले. लेक चारला आली तीच थेट स्वयंपाकघरात शिरली आणि गळका नळ बघून म्हणाली, “हा कधीपासून?” मामा म्हणाले, “जुनाच आहे.”

तिने मोळीतल्या मेणबत्त्या हातात घेऊन पाहिल्या आणि पुन्हा ओळीने ठेवल्या. मग दोघे चहा घेत बसली. बोलायचे पुष्कळ होते, म्हणून दोघेही थंडीबद्दल बोलत होती. मामांची नजर चोरून घड्याळाकडे जात होती आणि लेकीला ते दिसत होते. बॉयलर आत्तापर्यंत खरवडून झाला असेल. आता झाकणे बसवत असतील. आता पाणी भरत असतील.

साडेपाचला फोन वाजला.

“मामा, मी बोलतोय,” बदलीवाला. आवाज रडवेला. “पेट घेत नाहीये. म्हणजे घेतोय आणि विझतोय. सहा वेळा झालं. उद्या सकाळी सात ऑपरेशनं आहेत, अवजारांना वाफ नाही मिळाली तर... मामा, गाडी पाठवू?”

मामा कधी उभे राहिले ते त्यांनाच कळले नाही. कामाचे बूट दारामागे होते, रजा लागल्यापासून न हललेले. उजवा बूट पायात गेला, नाडी बांधली गेली. दहा मिनिटांचा रस्ता. गेलो, बघितले, आलो. सात वाजतील फार तर.

त्यांनी डावा बूट उचलला आणि वर पाहिले.

लेकीने निळ्या शर्टाचे ते कापड ओढून जवळ घेतले होते आणि त्याच्या घडीवरून हात फिरवत होती. कपाटाशी तिची आई अशीच एकवीस वेळा उभी राहिली असणार. मामांनी ते कधी पाहिले नव्हते, आता दिसले.

सात रोगी उद्या टेबलावर असणार, हेही खोटे नव्हते. मामा डावा बूट हातात घेऊन तसेच खुर्चीत बसले.

“गाडी नको,” ते फोनवर म्हणाले. “फोन बर्नरजवळ धर. आणि पुन्हा चालू कर. बोलू नकोस.”

पलीकडे पंखा घरघरला. मामांनी डोळे मिटले. ठिणगीची कटकट. मग तो ओळखीचा धप्प आवाज, ज्योत धरल्याचा. एक, दोन, तीन, चार, पाच. खट्. सगळे शांत.

“पुन्हा.”

पुन्हा तेच. पाचाला खट्. तेल येत होते, हवा येत होती, ज्योत धरत होती. मग विझवत कोण होते? सतरा मुद्द्यांपैकी यात काही बसेना. मामा पार गोंधळून गेले. जिथे कधी गोंधळले नव्हते, तिथेही आता गोंधळ. म्हातारे झालो, त्यांच्या मनात आले. जाऊनच बघायला हवे.

“बाबा,” लेक हळूच म्हणाली, “हाताने काय करताय?”

मामांनी खाली पाहिले. त्यांच्या डाव्या हातातला बूट केव्हाच खाली पडला होता. त्या हाताने शर्टाचे टोक धरले होते आणि अंगठा त्यावर गोल गोल फिरत होता, काहीतरी पुसत असल्यासारखा.

“डोळा!” मामा ओरडले. “अरे, डोळा! बर्नरच्या बगलेला, ज्योत बघणारा तो काचेचा डोळा. आधी मेन स्विच बंद कर. केलास? आता तो ओढून काढ. काय दिसतंय?”

“काळा कुळकुळीत आहे, मामा.”

“सफाईतली काजळी बसलीये. त्याला ज्योत दिसत नाही, म्हणून तो समजतो पेटलंच नाही आणि तेल तोडतो. शर्टाने पूस. फडक्याने नको, त्याला तेल असतं. शर्टाने.”

दर वर्षी सफाई झाली की मामांचा हात आपसूक तो डोळा पुसून घ्यायचा. इतक्या वर्षांत तो मुद्दा आहे, हेच त्यांच्या लक्षात आले नव्हते. कागदावर येणार कुठून?

पंखा घरघरला. धप्प. एक, दोन, तीन, चार, पाच. सहा. सात. ज्योत गुरगुरत राहिली. पलीकडे बदलीवाला हसत होता की रडत होता, कळत नव्हते.

“चालला, मामा! चालला! हा अठरावा मुद्दा लिहून घेतो. तुम्ही आराम करा.”

“प्रेशर एकदम चढवू नकोस. हळूहळू...”

पण फोन बंद झाला होता. बॉयलर तिकडे चालला होता, मामांवाचून. ते फोनकडे बघत राहिले. आपण सुटलो म्हणून बरे वाटते आहे, की आपले काही उरले नाही म्हणून वाईट, याचा त्यांना उलगडा होईना. बहुधा दोन्ही.

सहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

लेकीने दोन जांभळ्या लावल्या. चक्रातली यंदाची गुलाबी पहिल्याच रविवारी मामांनी अर्धी जाळून ठेवलेली होती. तिने काडी तिच्याजवळ नेली, तसे मामा म्हणाले, “थांब. ही नको.”

त्यांनी ओळीच्या टोकाची, जवळजवळ पांढरी पडलेली मेणबत्ती उचलली. पहिल्या वर्षीची. ती चक्रात बसवली आणि काडी लावली. वात एवढ्या वर्षांची, धरेना. तडतडली, विझली. दुसरी काडीही वाया गेली. मग मामांनी नखाने वातीभोवतीचे मेण कोरले, वात चिमटीत धरून उभी केली आणि लेकीकडे बघून म्हणाले, “आता तू लाव. मी काही तुला उचलू शकणार नाही.”

लेक हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिसऱ्या काडीला ज्योत धरली. मामांनी सवयीने मनात मोजले. पाच झाले, सहा झाले. राहिली.

दोघे टेबलाशी बसली. तिसरी खुर्ची टेबलाला लावलेली होती.

“आता काय करायचं?” मामांनी विचारले.

“काही नाही, बाबा. बसायचं.”

“किती वेळ?”

“संपेपर्यंत.”

सातला लेक उठली. तिने पिशवी घेतली, मामांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि “तुम्ही उठू नका” म्हणून दार ओढून घेत निघून गेली. मामा उठले नाहीत. एका पायात बूट तसाच होता. तेहेतीस वर्षे त्यांनी आग पाहिली ती नाण्याएवढ्या भोकातून, डोळा बारीक करून, काय बिघडले आहे ते शोधत. ही नुसतीच समोर होती. आनंद म्हणतात तो हाच का, हे त्यांना काही सांगता आले नसते. कुणी विचारतही नव्हते.

ज्योत पिवळी होती. बॉयलरची अशी पिवळी असती तर मामांनी झटकन हवा वाढवली असती. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि ते तिथेच राहू दिले.